राफाएल लोसानो-हेमर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोत जन्मलेल्या आणि कॅनडात राहून काम करणाऱ्या या कलावंताबद्दल वाचकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. काही कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचे असतात, काही एखादा व्हिडिओ पाहून थक्क झालेल्यांचे, आणि काही ‘याला कला का म्हणायचं?’ असं चिडून विचारणाऱ्यांचे. सगळ्यांना एकदाच नीट उत्तरं मिळावीत म्हणून हे पान. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे राफाएल लोसानो-हेमर नेमके कोण? चित्रकार की शिल्पकार?

रूढ अर्थाने दोन्ही नाहीत. जन्म १९६७ चा, मेक्सिको सिटीतला. स्टुडिओ कॅनडातल्या माँट्रियल शहरात. प्रकाशझोत, बल्ब, कॅमेरे, प्रोजेक्टर, मायक्रोफोन आणि संगणकाचे प्रोग्रॅम ही त्यांची सामग्री. कधी एका खोलीत मावेल असं काम करतात, तर कधी अख्खा चौक किंवा शहरावरचं आकाश वापरतात.

त्यांचं काम उभं केलं म्हणजे झालं, असं नसतं. कुणीतरी येऊन हात लावावा लागतो, बोलावं लागतं, सावली पाडावी लागते, निदान श्वास तरी घ्यावा लागतो. सैन्य आणि पोलीस जी यंत्रं माणसांवर रोखतात, तीच यंत्रं हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती सोपवतो. त्यांच्याबद्दल मराठीत लिहावंसं वाटतं ते मुख्यतः यासाठी.

२. त्यांना मेक्सिकन म्हणायचं की कॅनेडियन?

दोन्ही. संग्रहालयांच्या पाट्यांवर बहुधा ‘मेक्सिकन-कॅनेडियन’ असंच असतं. बालपण मेक्सिको सिटीत गेलं, पदवीचं शिक्षण कॅनडात झालं, १९९० च्या दशकात ते स्पेनमध्ये, माद्रिदला काम करत होते, आणि पुढे माँट्रियलला स्थायिक झाले. २००७ साली व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ते मेक्सिकोतर्फे उभे राहिले (प्रश्न १५), आणि २०१५ मध्ये कॅनडाने त्यांना दृश्य व माध्यमकलेसाठीचा गव्हर्नर जनरल पुरस्कार दिला. दोन्ही देश त्यांना आपलं मानतात, तेव्हा आपण एकच निवडायचं कारण नाही.

३. ते रसायनशास्त्र शिकलेत हे खरं का? मग कलेकडे कसे वळले?

खरं आहे. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातून १९८९ साली त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात पदवी घेतली. कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही म्हणून आपण संपलो असं वाटणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

घरातली पार्श्वभूमीही वेगळीच. आई-वडील मेक्सिको सिटीत नाइटक्लब चालवत. दिवे, ध्वनी आणि गर्दी यांचं नातं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या कामात प्रयोगशाळेतली शिस्त आहे आणि नाचाच्या जागेतली मोकळीकही आहे. माझ्या मते दोन्हींचं मूळ इथे सापडतं.

सुरुवातीच्या कामांतलं महत्त्वाचं म्हणजे १९९२ चं ‘सरफेस टेन्शन’. पडद्यावर एक अवाढव्य मानवी डोळा. समोरून माणूस जाईल तसतसं बुबुळ त्याच्या मागे फिरतं. पहिलं आखाती युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. बाँबच्या टोकाला बसवलेल्या कॅमेऱ्यातली दृश्यं जगाने टीव्हीवर पाहिली होती. पाहणारं यंत्र आणि मारणारं यंत्र एक झालं होतं. हा विषय त्यांना तेव्हापासून सुटलेला नाही.

४. इतकी वर्षं परदेशात राहून मेक्सिकोशी त्यांचा संबंध उरलाय का?

पुरेपूर. त्यांची मला सर्वांत मोठी वाटणारी कामं मेक्सिकोच्या जखमांवरचीच आहेत. त्यासाठी प्रश्न ९, १० आणि १२ पाहा.

दूर राहिल्याचा एक फायदाही त्यांनी करून घेतला. १९९७ साली ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात त्यांनी ‘डिस्प्लेस्ड एम्परर्स’ हे काम केलं. जागा होती हाब्सबुर्ग राजघराण्याचा किल्ला. याच घराण्यातल्या मॅक्सिमिलियनला १८६४ मध्ये मेक्सिकोचा सम्राट म्हणून बसवलं गेलं आणि १८६७ मध्ये मेक्सिकन प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला गोळ्या घातल्या. दुसरीकडे, अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाचा मानला जाणारा पिसांचा मुकुट आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे आणि मेक्सिको तो परत मागतो आहे. एका देशाचा राजा तिकडे गेला, दुसऱ्याचा मुकुट इकडे आला. लोसानो-हेमर यांनी त्या ऑस्ट्रियन भिंतींवर मेक्सिकोतल्या चापुल्तेपेक राजवाड्याची दालनं प्रकाशाने उघडून दाखवली. प्रेक्षकाने हात फिरवला की त्या जागी भिंतीआडची खोली दिसे. घरी बसून हे काम त्यांना सुचलं असतं असं मला वाटत नाही.

५. ज्या कामामुळे त्यांचं नाव जगभर झालं ते कोणतं?

‘आल्सादो बेक्तोरियाल’. २००० साल उजाडताना मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात झालेलं. हा चौक म्हणजे देशाचं केंद्र: एका बाजूला कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला राष्ट्रपती भवन, आणि जमिनीखाली अझ्टेक राजधानीचे अवशेष. नव्या सहस्रकाच्या सोहळ्यासाठी सरकारला इथे काहीतरी भव्य हवं होतं. अशा वेळी सहसा राष्ट्राचा गौरवशाली इतिहास इमारतींवर झळकवला जातो. लोसानो-हेमर यांनी ते टाळलं.

त्यांनी चौकाभोवतीच्या इमारतींवर यंत्राने फिरणारे १८ प्रचंड प्रकाशझोत बसवले आणि त्यांचा ताबा इंटरनेटवरून लोकांना दिला. संकेतस्थळावर चौकाची त्रिमितीय प्रतिकृती होती. तुम्ही तिथे झोतांची रचना करायची, सोबत नाव आणि चार शब्द लिहायचे, आणि रांगेत तुमची पाळी आली की खऱ्या आकाशात तुमची रचना उभी राहायची. कॅमेरे तिचे फोटो काढत आणि प्रत्येकासाठी एक स्वतंत्र पान तयार होई. २६ डिसेंबर १९९९ ते ७ जानेवारी २००० या काळात ८९ देशांतल्या सुमारे ८ लाख लोकांनी भाग घेतला. झोत कित्येक किलोमीटरवरून दिसत.

तेव्हा इंटरनेट फारच थोड्यांच्या घरी होतं, म्हणून मेक्सिकोतल्या सार्वजनिक वाचनालयांत आणि संग्रहालयांत मोफत संगणक ठेवले होते. लोकांनी लिहिलेल्या मजकुरावर कात्री चालवायची नाही, हेही ठरलेलं होतं. त्यामुळे प्रेमाच्या निरोपांशेजारी सरकारविरोधी घोषणाही आल्या, आणि त्या तशाच राहिल्या. सरकारी पैशाने झालेल्या सोहळ्यात हे घडवून आणणं किती अवघड असतं, हे आपल्याकडे कुठल्याही महोत्सवाच्या समितीवर बसलेल्या माणसाला विचारा.

पुढे हे काम स्पेनमधलं व्हितोरिया-गास्तेइस, फ्रान्समधलं लिओं, डब्लिन, आणि २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी व्हँकुव्हर अशा शहरांत नव्याने उभं राहिलं.

६. आकाशात उभे झोत म्हटले की नाझींच्या सभा आठवतात. हे त्यांना खटकत नाही का?

हा प्रश्न इतिहासाच्या एका शिक्षिकेने पहिल्यांदा विचारला आणि तो अगदी रास्त आहे. न्यूरेंबर्गच्या सभांमध्ये हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याने विमानविरोधी शंभराहून जास्त झोत आकाशाकडे रोखून प्रकाशाचे खांब उभे केले होते. त्या खांबांखाली उभ्या माणसाला आपण मुंगीएवढे आहोत असं वाटावं, हाच हेतू.

लोसानो-हेमर हा इतिहास पूर्ण ओळखून आहेत आणि त्याबद्दल उघडपणे बोलतात. त्यांच्या कामातला फरक नियंत्रणाचा. न्यूरेंबर्गमध्ये एका माणसाने ठरवलेला आकार लाखोंनी मान वर करून पाहायचा होता. सोकालोत आकार कोण ठरवणार हे दर थोड्या वेळाने बदलत होतं, आणि पुढचा आकार एखाद्या शाळेतल्या मुलीचा असेल की सांतियागोतल्या आजोबांचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही भव्यतेचा धोका उरतोच. झोत कुणाच्याही हातात असोत, ते दिपवतात. म्हणूनच भव्य कामांपेक्षा त्यांची छोटी कामं मला जास्त जवळची वाटतात.

७. ‘पल्स रूम’मध्ये बल्ब हृदयाच्या ठोक्यांवर कसा लुकलुकतो? त्यात काही युक्ती आहे का?

युक्ती नाही. खोलीच्या एका टोकाला दोन मुठी असलेलं उपकरण असतं. तुम्ही दोन्ही हातांनी मुठी धरल्या की त्यातले सेन्सर नाडी पकडतात, संगणक ती मोजतो, आणि तुमच्या सर्वांत जवळचा बल्ब त्याच लयीत उघडमीट करू लागतो. बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे असतात. तार तापायला आणि निवायला क्षणभर घेते, त्यामुळे प्रकाश भपकन न येता चढतो आणि उतरतो. नव्या एलईडीत ही मऊ चाल येत नाही.

तुम्ही हात काढला की सगळे दिवे क्षणभर विझतात. मग तुमचा ठोका पहिल्या बल्बवर जातो आणि आधीचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. छताला टांगलेल्या शेकडो बल्बांत प्रत्येकी एक माणूस धडधडत असतो. जो सर्वांत जुना, तो शेवटच्या बल्बवरून कायमचा जातो. स्मारक म्हणाल तर आहे, पण त्यात जागा मर्यादित, आणि नवा आला की जुन्याने जायचं.

याची कल्पना दोन ठिकाणांहून आली. त्यांच्या पत्नीला जुळं होणार होतं, आणि सोनोग्राफीच्या वेळी दोन बाळांचे ठोके दोन वेगळ्या लयींत ऐकू आले. दुसरी जागा म्हणजे रोबेर्तो गावाल्दोन यांचा १९६० सालचा मेक्सिकन चित्रपट ‘माकारियो’. त्यातल्या भुकेल्या लाकूडतोड्याला एका गुहेत असंख्य मेणबत्त्या दिसतात, प्रत्येक जिवंत माणसाची एक.

२००६ साली पुएब्ला शहरातल्या ‘ला कोन्स्तान्सिया’ या जुन्या कापडगिरणीत १०० बल्बांनिशी हे काम पहिल्यांदा दाखवलं गेलं. गिरणीची रिकामी शेड आणि त्यात माणसांचे ठोके, हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या वाचकाला मी समजावून सांगायची गरज नाही. पुढे बल्बांची संख्या वाढत गेली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००८ साली त्याचंच मैदानी रूप झालं, आणि वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात २०१८-१९ मध्ये नाडीवरच्या त्यांच्या कामांचं मोठं प्रदर्शन भरलं.

८. सावल्यांचं जे काम आहे, त्यात लोक रस्त्यावर इतके बागडताना का दिसतात?

ते ‘बॉडी मूव्हीज’, २००१, रॉटरडॅम. चौकातल्या मोठ्या भिंतीवर वेगवेगळ्या शहरांच्या रस्त्यांवर टिपलेली माणसांची छायाचित्रं प्रोजेक्टरने टाकलेली असतात, पण जमिनीवरच्या प्रखर दिव्यांमुळे ती धुऊन निघतात, दिसत नाहीत. तुम्ही दिव्यासमोर आलात की तुमच्या सावलीत तेवढं चित्र उमटतं. दिव्याजवळ गेलात की सावली २५ मीटरपर्यंत वाढते, लांब गेलात की २ मीटरवर येते. कलावंताला वाटलं होतं, लोक चित्रं शोधतील. लोकांनी सावल्यांचे खेळ मांडले: कुणी राक्षस झालं, कुणी दुसऱ्याच्या सावलीला चिमटीत धरलं. अनोळखी माणसं एकमेकांशी खेळायला लागली. मूळ प्रेरणा रॉटरडॅममध्येच १६७५ च्या सुमारास छापलेल्या, सामुएल व्हान होख्स्त्रातनच्या सावल्यांच्या नाचाच्या चित्राची.

९. भोंग्यावर बोललं की प्रकाश हलतो, ते काम कशाबद्दल आहे? आणि त्याचा भारताशी संबंध काय?

२ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को भागातल्या चौकात विद्यार्थ्यांची सभा चालू होती. सैन्याने चौक वेढला आणि गोळीबार झाला. किती जण मेले याचा आकडा आजही वादात आहे. दहा दिवसांनी त्याच शहरात ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. वर्तमानपत्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून ही घटना कित्येक वर्षं दाबली गेली.

भारताशी संबंध असा: कवी ओक्ताव्हियो पास तेव्हा मेक्सिकोचे दिल्लीतले राजदूत होते, १९६२ पासून. या हत्याकांडाच्या निषेधार्थ त्यांनी राजदूतपद सोडलं.

घटनेला ४० वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाने लोसानो-हेमर यांना स्मारक करायला सांगितलं. त्यांनी दगड उभा केला नाही. त्याच चौकात एक भोंगा ठेवला. कुणीही यावं आणि हवं ते बोलावं. आवाजाच्या चढउतारासोबत १० किलोवॉटचा एक झोत लुकलुके. तो झोत शेजारच्या, पूर्वी परराष्ट्र मंत्रालय असलेल्या इमारतीच्या माथ्यावर पोचला की तिथून आणखी तीन झोत शहराच्या वेगवेगळ्या दिशांना तोच लुकलुकाट पाठवत, त्यातला एक सोकालोकडे. दूरवर आपल्या गच्चीवर उभ्या माणसाला प्रकाश दिसे, आणि त्याने विद्यापीठाचं रेडिओ केंद्र लावलं की त्या प्रकाशातले शब्द ऐकू येत. कुणी बोलत नसेल तेव्हा त्या काळातल्या ध्वनिफिती लागत. कामाचं नाव ‘बोस आल्ता’, मोठ्याने बोलणं.

कुणाच्या बोलण्यावर बंधन नव्हतं. वाचलेले लोक आले, तरुण आले, कविता झाल्या, आजच्या आंदोलनांची हाक दिली गेली, आणि एकाने लग्नाची मागणीही घातली. काहींना हे अनुचित वाटलं. मला नाही वाटत. ज्या चौकात बोलल्याबद्दल माणसं मारली, तिथे एखाद्याने निर्धास्तपणे आपल्या प्रेमाबद्दल बोलावं, यापरतं त्या मेलेल्यांना आणखी काय हवं असेल?

१०. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचं काम आणि त्या ४३ विद्यार्थ्यांचं काय नातं आहे?

२६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री गेरेरो राज्यातल्या इग्वाला शहरात आयोत्सिनापाच्या ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी गायब केले गेले. शेतकरी, गरीब घरांतली, शिक्षक होऊ पाहणारी मुलं. ती बसगाड्या ताब्यात घेत होती, आणि त्या गाड्यांनी त्यांना मेक्सिको सिटीला जायचं होतं, २ ऑक्टोबरच्या मोर्चाला, म्हणजे प्रश्न ९ मधल्या हत्याकांडाच्या स्मरणदिनी. पोलीस आणि गुन्हेगारी टोळी यांचं संगनमत पुढे उघड झालं. मोजक्यांचेच अवशेष ओळखता आले आहेत. बाकीच्यांचे आईबाप अजून शोधतात.

सहा महिन्यांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, लोसानो-हेमर यांनी ‘लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स’ प्रसिद्ध केलं. पडद्यावर ४३ चेहरे, वर कॅमेरा. तुम्ही समोर उभे राहिलात की यंत्र तुमच्या चेहऱ्याची ठेवण तपासतं, त्या मुलांपैकी कुणाशी ती सर्वांत जुळते ते काढतं आणि किती टक्के खात्री आहे ते लिहितं. या यंत्राला फक्त या ४३ जणांनाच शोधायला शिकवलंय. त्यामुळे ते प्रत्येक माणसात त्यांनाच शोधतं आणि त्याला ते कधीच सापडत नाहीत. तुमच्या वाट्याला येतो तो एक चेहरा, जो थोडासा तुमच्यासारखा आहे.

हा प्रोग्रॅम त्यांनी फुकट उतरवून घेण्यासाठी खुला ठेवला. कुठलंही विद्यापीठ किंवा संग्रहालय तो लावू शकतं. प्रोग्रॅमचे मूळ संकेतही (सोर्स कोड) खुले आहेत, म्हणजे दुसऱ्या देशातल्या बेपत्ता माणसांसाठी कुणी तो बदलून वापरू शकतं. विक्रीतून येणारे पैसे बाधित कुटुंबांच्या समुदायासाठी ठेवले.

११. पाळतीला विरोध करायचा आणि पाळतीचीच यंत्रं वापरायची, हा दुटप्पीपणा नाही का?

आक्षेप गंभीर आहे. कॅमेरा तुमच्या भल्यासाठी असला तरी तो कॅमेराच. माझं उत्तर असं की ते यंत्र लपवत नाहीत. २००५ च्या ‘अंडर स्कॅन’ या कामात (लंडनच्या ट्रफाल्गर चौकातही ते २००८ मध्ये झालं) चालणाऱ्यांच्या सावलीत माणसांच्या चित्रफिती जाग्या होत, आणि दर काही मिनिटांनी सगळं थांबवून जमिनीवर त्या पाळतयंत्रणेचं जाळंच उजेडात दाखवलं जाई: बघा, तुमच्यावर नजर अशी ठेवली जाते आहे.

‘सबटायटल्ड पब्लिक’ (२००५) आणखी बोचरं आहे. अंधाऱ्या खोलीत शिरलात की तुमच्या छातीवर एक क्रियापद प्रकाशाने चिकटतं आणि तुम्ही जाल तिथे येतं. ते झटकता येत नाही. दुसऱ्या माणसाला स्पर्श केला तरच दोघांच्या शब्दांची अदलाबदल होते. लेबल लावणाऱ्या व्यवस्थेचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. तरीही ज्यांना मुळातच कॅमेऱ्यासमोर जायचं नाही, त्यांचा नकार मला पूर्ण मान्य आहे.

१२. अमेरिका-मेक्सिको सीमेवर त्यांनी काय केलं?

नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘बॉर्डर ट्यूनर’. अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेस ही नदीच्या दोन काठांवरची शहरं, मधे कुंपण. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठाणी होती. चाक फिरवलं की तुमचा झोत आकाशात फिरे. पलीकडच्या कुणाच्या झोताशी तो मिळाला की दोघांच्या मायक्रोफोन-स्पीकरची जोडणी होई आणि बोलणं सुरू. झोत बाजूला सरला की बोलणं तुटे.

काळ लक्षात घ्या. तीनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, एल पासोच्या एका दुकानात मेक्सिकन वंशाच्या लोकांना हेरून गोळीबार झाला होता. जागाही साधी नव्हती. हुआरेसच्या बाजूचं चामिसाल उद्यान ज्या भूभागावर आहे तो नदीने पात्र बदलल्यामुळे शंभर वर्षं वादात होता आणि १९६० च्या दशकात करार होऊन मेक्सिकोला परत मिळाला. ताटातूट झालेल्या कुटुंबांतली माणसं तिथे एकमेकांशी बोलली. लोसानो-हेमर यांचं म्हणणं होतं की ही दोन शहरं जोडलेलीच आहेत, आपण फक्त ते दिसेल असं केलं. मला या विधानातला नम्रपणा खरा वाटतो.

१३. श्वास साठवून ठेवण्याची भानगड काय आहे? ज्याचा श्वास आहे तो माणूस गेला तर?

‘लास्ट ब्रेथ’ (२०१२) मध्ये एका कागदी पिशवीत एका व्यक्तीचा श्वास भरलेला असतो. भाता तो नळीतून पिशवीत आत-बाहेर करत राहतो, दिवसातून १०,००० वेळा, मधेमधे उसासेही, मोजून १५८. हवानात ते पहिल्यांदा केलं तेव्हा श्वास क्यूबाच्या गायिका ओमारा पोर्तुओन्दो यांचा होता. दुसऱ्या प्रतीत अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांचा. ऑलिव्हेरोस २०१६ मध्ये वारल्या. त्यानंतरही पिशवी फुगते आणि मिटते. या कामाचा अर्थ माणूस गेल्यावरच पुरता लागतो.

याचंच भयंकर भावंड म्हणजे २०१३ चं ‘व्हिशस सर्क्युलर ब्रीदिंग’. काचेच्या बंद खोलीत बसून तुम्ही तुमच्या आधीच्या सगळ्यांनी सोडलेलीच हवा घ्यायची. दारावर गुदमरण्याचा आणि संसर्गाचा इशारा असतो. हे काम करोनाच्या सात वर्षं आधीचं आहे. साथीत त्यांनी काय केलं, ते पुढच्या उत्तरात.

१४. करोनात गेलेल्यांसाठी त्यांनी स्मारक केलं होतं ना?

हो, २०२० मध्ये, मेक्सिको सिटीतल्या विद्यापीठाच्या समकालीन कला संग्रहालयासाठी. नंतर ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातही आलं. नातेवाइकांनी गेलेल्या माणसाचा फोटो आणि दोन ओळी पाठवायच्या. यंत्राचा हात काळ्या पृष्ठभागावर वाळूचे कण सोडत तो चेहरा रेखाटे. पुरा झाला की पृष्ठभाग कलंडे, वाळू घरंगळून जाई, आणि पुढचा चेहरा त्याच वाळूतून. ज्यांना अंत्यदर्शनही घेता आलं नव्हतं त्यांना हे घरातून थेट पाहता येत होतं. या कामाबद्दल विचारणाऱ्यांत स्वतःचं कुणी गमावलेले वाचक बरेच असतात. यावर मी जास्त टिप्पणी करत नाही, त्यांनी ते पाहावं एवढंच म्हणतो.

१५. व्हेनिस बिएनालेत मेक्सिकोचं प्रतिनिधित्व करणारे ते पहिले कलावंत, असं सगळीकडे वाचतो. बरोबर आहे?

अर्धं बरोबर. २००७ साली मेक्सिकोने व्हेनिसमध्ये एका जुन्या प्रासादात स्वतंत्र दालन मांडलं आणि ते पूर्णपणे लोसानो-हेमर यांच्या कामांचं होतं. त्या अर्थाने पहिले. पण १९५० च्या बिएनालेत ओरोस्को, रिवेरा, सिकेइरोस आणि तामायो या चार मेक्सिकन चित्रकारांची कामं लागली होती आणि सिकेइरोस यांना बक्षीसही मिळालं होतं. प्रबंधात लिहिताना ‘पहिल्या स्वतंत्र दालनाचे कलावंत’ असं लिहा.

१६. सगळं काम इंजिनिअर करतात. मग श्रेय यांचं कसं?

माँट्रियलच्या स्टुडिओत प्रोग्रॅमर, इंजिनिअर, वास्तुविशारद अशी माणसं असतात, आणि कामांच्या नोंदींत त्यांची नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी दिलेली असतात. हे लपवलेलं नाही. कल्पना आणि अंतिम निवड कलावंताची, घडण सर्वांची.

१७. असं काम विकत कसं घेतात? बल्ब गेला, संगणक जुना झाला तर?

न्यूयॉर्कचं आधुनिक कला संग्रहालय आणि लंडनचं टेट यांच्या संग्रहात त्यांची कामं आहेत, म्हणजे विक्री होते. घेणाऱ्याला यंत्रसामग्रीसोबत ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे हक्क, सूचना लागतात. यावर लोसानो-हेमर यांनी २०१५ साली माध्यमकलेच्या जतनाबद्दल एक सविस्तर टिपण लिहून सर्वांसाठी खुलं केलं. सार असं: कलावंताने सुरुवातीपासूनच प्रोग्रॅमचे मूळ संकेत नीट ठेवावेत, सुटे भाग द्यावेत, आणि काय बदललं तर चालेल व काय नाही ते स्वतः लिहून ठेवावं.

‘पल्स रूम’च्या बाबतीत हा प्रश्न टोकाला जातो. युरोपात २००९ पासून तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्या प्रकाशाची चाल (प्रश्न ७) हाच कामाचा प्राण असल्याने बल्बचा साठा करणं हेही जतनाचंच काम ठरतं.

१८. हे एआय आहे का?

बहुतेक नाही. उदाहरणार्थ २००० सालचं ‘३३ क्वेश्चन्स पर मिनिट’: व्याकरणाचे नियम आणि शब्दसंग्रह यांतून प्रोग्रॅम ५५ अब्ज वेगवेगळे प्रश्न जुळवतो आणि मिनिटाला ३३ या वेगाने छोट्या पडद्यांवर दाखवतो. सगळे संपायला ३,००० वर्षांहून जास्त लागतील. प्रेक्षक मधेच आपला प्रश्न टाइप करू शकतो, आणि तो यंत्राच्या प्रश्नांत असा मिसळतो की माणसाचा कुठला हे पाहणाऱ्याला कळत नाही. हे पहिल्यांदा हवानात दाखवलं गेलं. अज्ञातपणे प्रश्न विचारता येण्याची किंमत तिथल्या लोकांना वेगळी सांगावी लागली नसेल.

१९. हे सगळं जत्रेतल्या चमत्कारासारखं नाही का? याला कला का म्हणायचं?

काही कामांबद्दल मी हा आक्षेप मान्य करतो. २०१० साली मेलबर्नला त्यांनी खऱ्या सूर्याच्या दहा कोटींश आकाराचा, १४ मीटर व्यासाचा फुगा टांगून त्यावर सूर्याच्या पृष्ठभागाची हालचाल प्रक्षेपित केली. सुंदर होतं, पण त्यात प्रेक्षकाने आपलं काही पणाला लावावं असं फारसं नव्हतं. ‘बोस आल्ता’त मात्र बोलणाऱ्याला भोंगा उचलण्याआधी काय बोलायचं हे ठरवावं लागतं, आणि ते शहरभर जाणार असतं. ‘पल्स रूम’मध्ये तुमची नाडीच उघड्यावर येते. मी कामं याच कसोटीवर पाहतो.

२०. कुणी आलंच नाही तर कामाचं काय होतं?

कामागणिक वेगळं. ‘पल्स रूम’ शेवटच्या पाहुण्यांचे ठोके चालू ठेवते. ‘बोस आल्ता’त जुन्या ध्वनिफिती लागत. सावल्यांच्या कामात उजळ भिंत तशीच राहते, काहीच दिसत नाही. ‘लास्ट ब्रेथ’ला कुणाची गरज नसते.

२१. प्रत्यक्ष बघणं शक्य नाही. कुठून सुरुवात करू?

त्यांच्या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक कामाचे व्हिडिओ, छायाचित्रं आणि तांत्रिक माहिती आहे. आधी ‘पल्स रूम’ पाहा, मग ‘बोस आल्ता’, आणि स्पॅनिश येत नसलं तरी बोलणाऱ्यांचे आवाज शेवटपर्यंत ऐका. महाविद्यालयात शिकवत असाल तर ‘लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स’ उतरवून घ्या. एक संगणक, एक कॅमेरा आणि एक पडदा एवढं पुरतं. विद्यार्थ्यांना समोर उभं करण्याआधी त्या ४३ जणांबद्दल दहा मिनिटं सांगा, नाहीतर तो नुसता चेहरे जुळवण्याचा खेळ होईल.